विरहाच्या आठवड्यात मी मेलो

चहा घ्या आधी, गार होईल. माझी फजिती काही पळून जात नाही. बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या तालुक्याला ती पाठ आहे, तुम्हीच तेवढे राहिले होते. फक्त एक करा, मधेमधे हसू नका. मला राग लवकर येतो. आणि हा सगळा घोटाळाही त्या रागापायीच झाला.

तेव्हा जळगावात केबल नवी नवी आली होती. पिंप्राळ्यात माझा शालक राहतो, प्रल्हाद. त्याच्या भागातल्या केबलवाल्यानं स्वतःचं एक च्यानल काढलेलं. दुपारी पिक्चर, संध्याकाळी साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती, आणि दर रविवारी गाण्याची स्पर्धा. बायामाणसं यायची, गाणं म्हणायची, दर आठवड्याला काही गळायची. शेवटी जी उरेल तिला शिलाई मशीन.

शिलाई मशीन म्हणल्यावर आमची विमल उठून बसली. विमल म्हणजे माझी बायको. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि चौदा दिवाळ्या मी तिला सांगत होतो, यंदा कापूस निघाला की मशीन घेऊ. कापूस दरवर्षी निघायचा. मशीन काही निघायचं नाही. ती कधी भांडली नाही, पण दर दिवाळीला माझं फाटकं धोतर माझ्यासमोर बसून हातानं शिवायची. एकेक टाका असा ओढायची, की तो मला लागावा.

आणि गळा म्हणाल तर तिच्यासारखा गळा नाही. कानबाई ही आमची खानदेशची देवी, तिच्या जागरणाच्या रात्री ती गायला लागली की शेजारच्या गावातून बाया यायच्या. प्रल्हादनं नाव टाकून दिलं.

आता हा केबलवाला. शिकलेलं पोरगं, डोळ्यावर काळा चष्मा, खोलीतसुद्धा. तो म्हणे, "दर आठवड्याला एक विषय असेल. पहिला आठवडा भक्तीचा. दुसरा लग्नाचा. तिसरा विरहाचा. चौथा आनंदाचा."

मी म्हणलं, "असं का?"

"म्हणजे रंगत येते, काका."

"कसली रंगत? माणसाला येतं ते त्यानं म्हणावं. तुझ्या घरी पाव्हणे आले तर तू काय सांगतो का, हा आठवडा फक्त वांग्याची भाजी, भेंडी आवडत असेल तर पुढच्या आठवड्यात या?"

तो हसला. मी हसण्यासारखं बोललो नव्हतो. प्रल्हादनं माझा दंड धरला आणि बाहेर नेऊन पान खाऊ घातलं.

मी अजूनही म्हणतो. पेरणीला पेरणीचं गाणं येतं, मांडवात हळदीचं येतं. ते तिथं आपसूक येतं. केबलवाल्यानं कागदावर लिहिलं म्हणून ठरल्या वारी माणसाला भक्ती येते का? पण ऐकतो कोण.

पहिल्या आठवड्यात विमलनं कानबाईचं म्हणलं, पास झाली. दुसऱ्यात लग्नाचं. आमच्याकडं लग्नात विहिणीला चिडवायची गाणी असतात. तिनं परीक्षकालाच विहीण धरलं आणि त्याच्या टकलावर तिथल्या तिथं चार ओळी जोडल्या. परीक्षक इतका हसला की पास करून मोकळा झाला.

मग आला विरह.

घरी आलो तर विमल ओट्यावर बसलेली. म्हणे, "विरह म्हंजे काय ओ?"

मी पण शाळा चौथीपर्यंतच पाहिलेली. प्रल्हादला विचारून घेतलं होतं. म्हणलं, "आपलं माणूस सोडून गेलं की जे दुःख होतं, ते."

"मंग असं गानं मले येत नही. मी कधी कोठे सोडीसन गई? तुम्ही बी कधी जात नही." हे तिनं थोडं तक्रारीच्या सुरात म्हणलं, असं मला वाटलं. पण ते सोडा.

म्हणलं, "येतं तुला. हेल येतो ना."

आता तुम्ही शहरातले, तुम्हाला सांगायला पाहिजे. आमच्याकडं माणूस गेलं की बाया सुरात रडतात. गेलेल्याचे एकेक गुण सांगायचे आणि सूर लांबवायचा. त्याला हेल काढणं म्हणतात. नुसती रडणारी बाई वेगळी, हेल काढणारी वेगळी. चांगला हेल असला तर ज्यानं मयताला उभ्या जन्मात पाहिलं नाही तोही डोळे पुसतो. आणि विमलचा हेल म्हणजे आसपासच्या पाच गावांत एक नंबर.

विमल दचकलीच. "आवो, जित्ता मानूसना हेल काढतस का कोठे? कोना नावना काढू?"

"माझ्या."

"येडा व्हई गयात का?"

"मग कोणाच्या? तुझ्या भावाचा काढला तर तुझी भावजय मला घरात घेईल का? माझ्या अक्काच्या नवऱ्याचा काढला तर अक्का माझे पाय मोडेल. मी घरचा माणूस. मी मरायला तयार आहे. तुला मशीन पाहिजे ना?"

मशीन म्हणल्यावर ती थोडी ढिली पडली. तरी म्हणाली, "कुकू मी पुसाव नही, आधीच सांगस."

"नको पुसू. काळ्या-पांढऱ्या टीव्हीत कोणाला कळतं?"

शुक्रवारी शूटिंगला गेलो. पुन्हा तोच काळा चष्मा. म्हणे, "मागे विरहाला साजेसं काहीतरी ठेवा. झाड, रिकामी खुर्ची, असं काही."

आता आली का माझ्या डोक्याची कमाल. मी घरून माझा फोटो आणला होता. धुळ्याच्या स्टुडिओत काढलेला, फेटा घालून, मिशीला पीळ दिलेला. फ्रेमचा. तो मी स्टुलावर ठेवला. पण तो बोडका दिसत होता. बाकी लोकांच्या मागे कागदी फुलं आणि काय काय, आणि माझा फोटो आपला रेशनकार्डावरच्यासारखा. म्हणून प्रल्हादच्या दारावर दिवाळीचा झेंडूचा हार होता, तो आणून मी फोटोला घातला.

प्रल्हाद म्हणाला, "दाजी, हार नको. बरं दिसत नाही."

मला आला राग. "का नको? आमदाराला हार घालतात, तो काय मेलेला असतो? माझ्याच फोटोला हार घातला तर तुझ्या पोटात दुखतं?"

मी पुढे उदबत्ती पण लावली. एक नाही, दोन.

विमल उभी राहिली. डोळे मिटले. आणि तिनं जो हेल काढला, बाबा रे. काळ्या चष्म्यानं चष्मा काढला. पहिल्यांदाच त्याचे डोळे पाहिले मी, लालभडक.

काय म्हणत होती ती. "कधी आवाज चढवा नही ओ मना राजा. जे पुढे ठेवं ते गोड मानं. पहाटे तुनी चाहूल लागे नि आंगन भरी जाय. मना घरले दूधतूप कमी पडू दिनं नही. आते कोना गळामा हात टाकू मी."

मी कोपऱ्यात उभा होतो, माझ्याच डोळ्यांना धार लागली. चौदा वर्षांत ही बाई एक गोड शब्द बोलली नव्हती आणि पोटात एवढं? दूधतुपाचं थोडं कळलं नाही. पण म्हैस मीच घेतली होती, म्हणजे ते श्रेय माझंच. आवाज चढवला नाही, हे जरा जास्त झालं. पण मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतातच.

विमल तिथंच माहेरी राहिली, रविवारी टीव्हीवर बघायला. मी गावी आलो. विहिरीवरची मोटर जळाली होती. सोमवारी पहाटे ती पोत्यात बांधली, एसटीत टाकली आणि वायंडिंगला धुळ्याला नेली.

इथपर्यंत सगळं बरं होतं.

पण रविवारी काय झालं, ऐका. माझी मोठी बहीण अक्का, तिला धुळ्याकडे दिलेली. तिची नणंद जळगावला. तिनं दुपारी टीव्ही लावला, तो अर्ध्यातून. सुरुवातीची ओळख नाही, स्पर्धा नाही, काही नाही. डायरेक माझा फोटो. त्याला हार. पुढं उदबत्त्या. आणि विमल हेल काढते आहे. कुंकू दिसलं म्हणे तिला, पण काळ्या-पांढऱ्या टीव्हीत तिला तो विधवा लावतात तसला काळा बुक्का वाटला.

ती धावत एसटीडीवर. तिथून फोन धुळ्याला, एका दुकानात. दुकानातून निरोप अक्काच्या गावाला. जळगावात मी नुसता मेलो होतो. धुळ्यात मी मोटरचा शॉक लागून मेलो. अक्काच्या गावाला पोचेस्तोवर मला मरून तीन दिवस झाले होते आणि अक्काला कोणी कळवलं नाही म्हणून तिच्या सासरचे चिडलेले होते.

मी सोमवारी दुपारी दुरुस्त झालेली मोटर घेऊन परतीच्या एसटीत बसलो. दाढी वाढलेली, अंगावर ग्रीस, पायाशी पोतं. पुढच्या सीटवर चार म्हातारे, पांढऱ्या टोप्या, मागं दोन बाया पदर डोक्यावर. बघूनच कळतं, कुठं तरी दारावर चालले. दारावर जाणं म्हणजे मयताच्या घरी भेटायला जाणं.

मीच विचारलं, "नाना, कोणाकडं?"

नाना म्हणाले, "काय सांगू भाऊ. आमना गावनी एक सून शे, तिना भाऊ गया. मोटरना शॉक लागना म्हने."

मी म्हणलं, "अरेरे. मोटर वाईटच." आणि पायाशी असलेलं पोतं जरा मागं सारलं. "वय काय होतं?"

"तुनाएवढाच व्हई."

"माणूस कसा होता?"

नानांनी उसासा टाकला. "येळ उनी ते बठ्ठासले जानं पडस भाऊ. मरेल मानूसना वाईट बोलू नही. पन भलता भांडखोर व्हता."

दुसरा म्हातारा म्हणाला, "मना पोऱ्याना लगीनमा टोपी लहान पडनी म्हनीसन मांडवमाईन उठी गया. वीस वरीस झायात. आजून ती टोपी मना घर शे."

टोपी म्हणल्यावर माझ्या कानात घंटा वाजली. ती टोपी मला आठवत होती. ती टोपी नव्हतीच, ते चहाच्या कपाचं झाकण होतं. माझ्या डोक्यावर ठेवली की वाऱ्यानं फिरायची. एवढ्या मोठ्या सोयऱ्याला अशी टोपी देतात का?

मी म्हणलं, "टोपी खरंच लहान असेल."

"लहान नव्हती. तेनं डोकं मोठं व्हतं."

आता तुम्हीच सांगा, गप्प बसायचं का? मी म्हणलं, "डोकं मोठं असतं का लोकांचं? टोपी देताना माप घ्यायला काय झालं होतं तुम्हाला? वीस वर्षं झाली, एकदा तरी चूक कबूल केली का?"

कंडक्टरनं मागं वळून पाहिलं.

नाना म्हणाले, "भाऊ, तुले काय करनं शे? तुना कोन लागे तो?"

"मीच तो!"

मागच्या बाईनं नाक पदरात धरलं. टोपीवाला म्हातारा नानांच्या कानाशी वाकला आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं कुजबुजला, "हाऊ पियेल शे."

मी म्हणलं, "पिलेलो नाही. हे बघा, माझी मोटर."

पोत्यातून मोटर काढून दाखवली. मोटर बघून बाया किंचाळल्या. शॉक लागून मेलेला माणूस मोटर घेऊन एसटीत. कंडक्टर म्हणाला, "काका, ते यंत्र आत घाला, लोकं घाबरतात." मग मी पण गप्प बसलो. राग आला की मी गप्प बसत नाही, पण त्या दिवशी बोलायला काही राहिलंच नव्हतं.

आमच्या फाट्यावर मी उतरलो, ते पण उतरले. मी पुढं, ते मागं, शंभर पावलांवर. मी थांबलो की ते थांबायचे.

घरी आलो तर काय. अंगण भरलेलं. घराला कुलूप, विमल पिंप्राळ्याला. कुलूप बघून लोकांनी ठरवलं की मयत जळगावच्या दवाखान्यातूनच परस्पर नेलं. ओट्यावर अक्का बसलेली, डोळे मिटून, डोकं डोलवत. तिचा हेल चालू. "ओ मना भाऊ, मना दारवर आते कोन येई ओ." बाजूला पिठल्याचं पातेलं आणि भाकरीचं गाठोडं. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोयरे जेवण घेऊन येतात, तसं तिनं आणलेलं.

शेजारचा सखाराम भिंतीला टेकून उभा, पांढराफटक. त्यानं मला पहाटे एसटीत बसताना पाहिलं होतं. तसं त्यानं अक्काला सांगितलंही होतं. त्यावर अक्का म्हणाली होती, आत्मा असेल, घराकडं ओढ असते. तेव्हापासून सखाराम तसाच उभा होता.

मी ओट्यापाशी जाऊन म्हणलं, "अक्का."

तिनं डोळे उघडले नाहीत. हात उचलला. "मधमा बोलू नको. मना हेल तुटस."

"अक्का, मी आहे."

"आयक ना, मंग बोल."

आणि तिनं हेल पुरा केला. मी माझ्याच अंगणात मोटर खांद्यावर घेऊन उभा, माझे गुण ऐकत. ऐकायला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. शेवटचा सूर लांबवला, नाक पुसलं, डोळे उघडले. मला पाहिलं. मग पायातली चप्पल काढली आणि माझ्या पाठीत चार हाणल्या.

"मेला नही? मंग मनी चाळीस मैलनी एसटी, मनं पिठलं, मना हेल? दोन तास रडी राह्यनू मी उनमा!"

मी टीव्ही, स्पर्धा, मशीन, विरहाचा आठवडा, सगळं सांगितलं. तेवढ्यात बसवाले नानाही फाटकातून आत आले होते. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "हार कोनी घाला?"

मी म्हणलं, "मी."

"उदबत्ती?"

"मीच."

नानांनी टोपी काढून कपाळ पुसलं. मग कोणीतरी हसलं. मग सगळेच. अक्कानं पातेलं उघडलं, म्हणाली, आनेल शे ते खाई टाका. माझ्याच दुखवट्याचं पिठलं मी माझ्याच ओट्यावर बसून खाल्लं. चव चांगली होती. तीन भाकरी गेल्या.

हे सगळं चाललेलं तेवढ्यात जीप आली. आतून प्रल्हाद उतरला, विमल उतरली आणि मागून दोघांनी मिळून एक खोकं उतरवलं. शिलाई मशीन.

विरहाच्या आठवड्याचं गाणं एवढं गाजलं होतं, की परीक्षकानं सांगितलं, आता आनंदाचा आठवडा घ्यायची गरजच नाही, याच बाईला देऊन टाका. मशीनच्या दुकानदारानं सोमवारीच देऊन टाकलं. बघा, त्यांच्याच विषयांची ही किंमत. चौथा विषय त्यांनी स्वतःच गुंडाळला.

पण मशीन बघून मला असा अभिमान चढला की सगळं विसरलो. उभा राहिलो आणि नानांना म्हणलं, "बसमध्ये मला भांडखोर म्हणत होते ना? जळगावच्या लोकांना विचारा. माझी बायको टीव्हीवर काय बोलली? कधी आवाज चढवला नाही. पुढं ठेवलं ते गोड मानलं. तिच्या डोळ्यात खरं पाणी होतं. खोट्यासाठी पाणी येतं का?"

नाना विमलकडं वळले. "काय वं माय, खरंच असा शे हाऊ?"

विमलनं पदर सावरला. मशीनच्या खोक्यावरून हात फिरवला. ती खोटं बोलत नाही, हा तिच्यातला एकच दोष.

"पाणी खरं व्हतं नाना. मी डोया मिटात आनि आमनी म्हैस आठवी. मांगला उन्हाळामा मरनी ती चंद्री. कधी शिंग उगारं नही, आवाज चढवा नही. पुढे ठेवं ते खाये. मी तिना गळामा हात टाकीसन बसू." आणि म्हणाली, "फक्त 'मनी रानी'नं 'मना राजा' करं."

टोपीवाला म्हातारा जमिनीवर बसला. नाना म्हणाले, "तरीच."

मी लाल झालो. म्हणलं, "म्हशीचा हेल? फोटो माझा, हार माझा, आणि हेल म्हशीचा? माझं आठवायला काय झालं होतं?"

विमल अगदी शांतपणे म्हणाली, "तुमनं आठवतू ना, ते केबलवाला म्हनता, बाई, आनंदना आठवडा आजून उना नही."

मी ओरडायला तोंड उघडलं. सगळे माझ्याकडं बघत होते, आता हा आवाज चढवतो का म्हणून. मी तोंड मिटलं. मोटर उचलली, आणि गोठ्यात चंद्रीच्या रिकाम्या खुंट्यापाशी जाऊन बसलो.